बाईंकडे बघायचं नाही

लेकीने खिडकीपाशी मांडून ठेवलेलं स्टूल सरांनी पायाने हळूच मागे सरकवलं. मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून आणखी थोडं. आता ते शेवटच्या बाकाच्या थेट मागे आलं होतं. इथून फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता, आणि फळ्यासमोर उभी असलेली लेकही. सर समाधानाने बसले आणि चष्मा पुसायला घेतला.

खरं तर त्यांना सकाळीच बजावून सांगितलं होतं.

"बाबा, माझ्याकडे बघायचं नाही. प्रत्येकाला एक मूल दिलंय. तुम्हाला नवी, शेवटच्या बाकावरची. तिचे हात, डोळे, वही, ती काय करते, कधी थांबते, तेवढंच. स्टूल मुद्दाम खिडकीपाशी ठेवलंय, तिथून तिचे हात दिसतात."

"मला चाळीस मुलांवर एकदम नजर ठेवायची सवय आहे," सर म्हणाले होते. "एकाच पोरीचं काय घेऊन बसलीस?"

"तेच तर अवघड आहे," लेक म्हणाली होती, आणि डबा उचलून पुढे निघाली होती.

सरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण 'सर' ही पदवी काही निवृत्त झाली नव्हती. शेजारीपाजारी, औषधाच्या दुकानातला माणूस, इतकंच काय जावईसुद्धा त्यांना सर म्हणे. विद्यार्थ्यांनी पाठीमागे ठेवलेलं नाव 'फूटपट्टी' होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. गणित शिकवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, असं इतर म्हणत, आणि सर ते खोडून काढत नसत.

लेकीने गणितच शिकवायला घेतलं तेव्हा त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. पण शाळेत जाऊन तिने हे जे भलतंच काढलं, ते त्यांच्या पचनी पडत नव्हतं. दर गुरुवारी एकाने शिकवायचं आणि बाकीच्या शिक्षकांनी त्याच्या वर्गात मागे बसायचं. मग मधल्या सुट्टीनंतर सगळ्यांनी एकत्र जमून काय दिसलं ते सांगायचं. शिकवणाऱ्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, फक्त मुलांबद्दल. 'छान' म्हणायचं नाही, 'वाईट' म्हणायचं नाही आणि 'मला वाटतं' तर मुळीच म्हणायचं नाही. डोळ्यांना दिसलं असेल तेवढंच.

"आमच्या वेळी दुसरा मास्तर वर्गात यायचा तो खडू मागायला," सर जेवताना म्हणत. "आणि तोही दारातूनच."

पहिल्या वर्षी लेकीबरोबर फक्त चित्रकलेचे सर होते, आणि तेही चहा मिळतो म्हणून. बाकीचे पाठीमागे हसत. आता भाषेच्या बाई होत्या, विज्ञानाचे सर होते, आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः मागे येऊन बसत. वर्ग होताच तसा. एकाच्या घरी एक भाषा, दुसरीच्या घरी दुसरी. एकाला फळा दिसत नाही, एकीला अक्षरं एका जागी ठरत नाहीत, आणि एक असा हुशार की आपलं आटोपून दुसऱ्यांच्या खोड्या काढतो. एकट्या माणसाचे डोळे कुठे कुठे पुरणार?

आजचा गुरुवार मात्र नेहमीसारखा नव्हता. नवी नावाची ती मुलगी शाळा सुरू झाल्यावर उशिरा आली होती. तिच्या घरची भाषा वर्गात दुसऱ्या कुणाचीच नव्हती. मुलांनी पहिल्या दिवशी 'नवी' म्हटलं आणि तेच नाव पडलं. इतक्या महिन्यांत वर्गात ती एक शब्दही बोलली नव्हती. विचारलं तर खाली बघे. परीक्षेच्या कागदावर तिने तिच्या भाषेतले आकडे मांडले होते की नुसत्या रेघोट्या, यावरही शिक्षकांत दोन मतं होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला मंद मुलांसाठी वेगळा वर्ग होता. तिथे मुलं मणी ओवत, रंग भरत आणि दुपारी घरी जात. तिथली एक जागा नवीसाठी राखून ठेवली होती आणि घ्यायची की नाही ते आज संध्याकाळपर्यंत मोठ्या बाईंनी कळवायचं होतं.

लेकीला तिला पाठवायचं नव्हतं. पण 'मला वाटतं तिला समजतं' असं म्हणायची सोय तिने स्वतःच ठेवली नव्हती. विज्ञानाचे सर आजारी पडले आणि नवीला बघणारं कुणी उरलं नाही, तेव्हा लेकीची आई म्हणाली होती, "बाबांना ने की. ते तिला ओळखतही नाहीत. त्यांच्या मनात आधीपासून काही नाही."

म्हणून सर आज इथे होते.

तास सुरू झाला. लेकीने प्रत्येक बाकाला कागदाच्या पट्ट्या दिल्या. एक पट्टी तिघांत वाटायची, एक सहा जणांत. मुलं घड्या घालू लागली आणि वर्गभर कागदाची कुरकुर सुरू झाली. सरांनी कर्तव्य म्हणून समोर नजर टाकली. दोन घट्ट वेण्या, निळी रिबीन, थोडी वाकलेली पाठ. हात पाठीमुळे दिसत नव्हते. शेजारी दात पडलेली एक बडबडी मुलगी होती, तिची मात्र मान सतत हलत होती.

आणि मग लेक बोलायला लागली, आणि सरांची नजर जी तिकडे गेली ती परत आलीच नाही.

हिचा आवाज घरी असा नसतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. घरी ती घाईत बोलते, अर्धी वाक्यं गिळते. इथे ती थांबत होती. प्रश्न विचारून गप्प उभी राहत होती, आणि ती शांतता तिला टोचत नव्हती. फळा न दिसणाऱ्या मुलाजवळून जाताना तिने त्याची पट्टी त्याच्या बोटांखाली सरकवली, बोलणं न तोडता. खोडकर मुलाला तिने रागावण्याऐवजी एक कठीण गणित दिलं आणि तो असा गप्प झाला की सरांना हसू आलं. आपला तो बाब्या म्हणतात ते खोटं नाही. पण खरंच, परकी असती तरी आपण असेच बघत राहिलो असतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

मध्येच माशी शिंकली. एका मुलाला उत्तर देता देता लेकीने फळ्यावर लिहिलं. दोन तृतीयांश म्हणजे किती षष्ठांश? वर चार यायला हवे होते. तिने तीन लिहिले आणि मुलांकडे वळून पुढे बोलू लागली.

सरांना ते लगेच दिसलं. मोठ्या बाई पलीकडेच बसल्या होत्या. आता काय करावं? खोकावं का? सरांनी घसा साफ करायला तोंड उघडलं, समोर लाकडावर काहीतरी वाजलं, आणि तेवढ्यात लेकीने वर पाहिलं. थेट त्यांच्या दिशेने. बोलता बोलता ती थांबली, मागे वळली, फळा पाहिला, तीन पुसले आणि चार लिहिले. "चुकलं होतं माझं," ती मुलांना म्हणाली आणि पुढे गेली.

सरांचा जीव भांड्यात पडला. ऊर भरून आला. लहानपणी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गणित अडलं की ती अशीच मान वर करून त्यांच्याकडे बघायची. ती सवय अजून आहे तर! उरलेल्या तासात त्यांना दुसरं काही दिसलंच नाही.

बैठक शाळेच्या मागच्या खोलीत भरली. तिथे मोडक्या खुर्च्या, नकाशांच्या गुंडाळ्या आणि चहाची किटली होती. भाषेच्या बाईंनी आधी सांगितलं. त्यांच्या मुलाला फळा दिसत नव्हता, पण शेजारच्याने त्याला कानात आकडे सांगितले आणि मग शेजारी अडला तेव्हा यानेच त्याला घडी घालून दाखवली. चित्रकलेच्या सरांच्या वाट्याला खोडकर आला होता.

"त्याने एकूण एकाच खोडीचा प्रयत्न केला," ते म्हणाले, "आणि ती माझ्यावरच. माझ्या बुटाची नाडी. पण कठीण गणित सुटलं तेव्हा त्याने ते कुणाला दाखवलं नाही. स्वतःशीच हसला. हे मी पाहिलं."

मोठ्या बाई सरांकडे वळल्या. लेकीने हातातला कप खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण कपाचा कान तिने सोडला नव्हता.

"सर, नवी."

सर उठून उभे राहिले. कुणीच उठलं नव्हतं हे लक्षात आल्यावर पुन्हा बसले.

"मला," ते म्हणाले आणि थांबले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "मी तिला बघितलंच नाही. मी बाईंना बघत होतो."

भाषेच्या बाईंनी किटलीकडे पाहिलं.

"असू दे, बाबा," लेक म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज इतका साधा होता की सरांना आपण केवढं नुकसान केलं ते तेव्हा कुठे पुरतं कळलं. त्यांच्या हातात तिने आपली एकुलती एक आशा दिली होती, आणि त्यांनी ती आपल्या कौतुकापायी घालवली होती.

"म्हणजे नवीबद्दल आपल्यापाशी सांगण्यासारखं काहीच नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनाही ते बोलणं जड गेलं. "मला संध्याकाळी फोन करायचाय."

"थांबा," चित्रकलेचे सर म्हणाले. "एक नियम आज मोडू, बाईंबद्दल असलं तरी चालेल. सर तासभर बसले होते. जे दिसलं ते त्यांनी सांगावं."

"काय सांगू?" सर म्हणाले. "उत्तम शिकवते. मी इतके जण पाहिलेत, पण..."

"सर, उत्तम हे डोळ्यांना दिसत नाही. काय दिसलं?"

सरांना या माणसाचा राग आला आणि तो बरोबर आहे हेही कळलं. लेकीची बाजू सावरायची, तर आता हेच हाताशी होतं. त्यांनी ताठ बसून सांगायला घेतलं.

"फळ्यावर चारच्या जागी तीन पडले. कुणाचंही होतं तसं. पण हिच्या लगेच लक्षात आलं. हिने वर बघितलं, माझ्याकडे, आणि मी खोकायच्या आत चूक दुरुस्त केली." शेवटचं वाक्य त्यांनी जरा मोठ्याने म्हटलं.

लेकीने कपाळाला आठी घातली.

"बाबा, मी तुमच्याकडे नव्हते बघत."

"अगं, थेट माझ्याकडे. माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"तुम्ही तिथे आहात हेच मी विसरले होते." ती ओशाळून म्हणाली. "खरंच. मी वर बघितलं एवढं आठवतंय. चूक झाली आहे हे मला कळलं. पण कशावरून कळलं..."

सरांना ते लागलं. बाप समोर बसलेला असताना लेक त्याला विसरते, यापेक्षा ती चूक फळ्यावर राहिली असती तरी चाललं असतं, असं क्षणभर त्यांना वाटलं. ते उत्तर द्यायला गेले, आणि मध्येच त्यांना आपलं स्टूल आठवलं. पायाने मागे सरकवलेलं. कुणाच्या मागे?

आता गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. लेकीने आपल्याकडे पाहिलं हे त्यांच्यापुरतं खरं राहिलं असतं. सरांनी चष्मा काढला.

"माझी जागा बदलली होती मी," ते म्हणाले. "खिडकीपाशी बसलो नाही. मी नवीच्या बरोबर मागे होतो. आणि हिने बघितलं त्याच्या जरा आधी एक आवाज झाला होता. लाकडावर काहीतरी ठेवल्याचा. पेन्सिल असेल. मला रागच आला होता, तास चालू असताना आवाज कसला म्हणून." ते थांबले. "हिने माझ्याकडे नाही बघितलं. नवीकडे बघितलं."

लेकीचा हात तोंडाशी गेला.

"ती पेन्सिल खाली ठेवते," ती हळू म्हणाली. "मी लिहिते तेव्हा ती लिहीत असते. कधी कधी ठेवते. मग मी थांबते. मी का थांबते हे मला माहीतच नव्हतं."

"वाटतं की दिसतं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"वाटतं," लेक म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं. ते कुणाकडून आलं होतं हे सांगायला नको.

मोठ्या बाई उठल्या. "शेवटचा तास अजून आहे ना? चला मग."

सकाळचाच तो पाचवीचा वर्ग वाचत बसला होता. एकदम पाच जण आत आलेले पाहून मुलं उभी राहिली. मोठ्या बाईंनी खडू उचलला आणि गणितं लिहायला सुरुवात केली. पहिलं बरोबर, दुसरं बरोबर. या वेळी सर खिडकीपाशी, जिथे सांगितलं होतं तिथे उभे होते, आणि दोन लहान हातांवरून त्यांची नजर हलली नाही. नखं कुरतडलेली होती. अंगठ्याला शाई होती. पेन्सिल एवढीशी उरली होती आणि ती फळ्याबरोबर एकेक आकडा उतरवत होती.

तिसऱ्या गणितात मोठ्या बाईंनी तीन चतुर्थांशाचे पाच अष्टमांश केले, चेहऱ्यावर सुरकुतीही न हलवता.

नवीची पेन्सिल थांबली. तिने फळ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि पेन्सिल बाकाच्या खाचेत ठेवली. आवाज अगदी बारीक होता.

सरांनी श्वास सोडला. पण पुढे जे घडलं ते त्यांच्यापैकी कुणाच्याच हिशेबात नव्हतं. शेजारच्या बडबड्या मुलीनेही पेन्सिल ठेवली. मग पुढच्या बाकावर एक, त्याच्या पुढे दोन. खोडकर मुलाने मागे वळून पाहिलं आणि त्यानेही ठेवली. वर्ग थांबला.

दात पडलेल्या मुलीने हात वर केला.

"बाई, नवी थांबली."

"मग?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"म्हणजे तुमचं काहीतरी चुकलंय," ती म्हणाली, मोठ्या माणसांना सगळंच समजावून सांगावं लागतं अशा सुरात. "आम्ही सगळे तिलाच बघून तपासतो. ती बोलत नाही, पण तिला येतं."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. हा काय प्रश्न झाला? माहीत होतं, बस्स.

"आम्हाला वाटलं बाईंना ठाऊक आहे," खोडकर मुलगा म्हणाला. "बाईपण तिच्याकडेच बघतात की."

लेक दाराशी उभी होती. ती हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि दोन्हीपैकी एकही लपवत नव्हती. मोठ्या बाईंनी चुकीचा आकडा पुसला आणि खडू शेवटच्या बाकापर्यंत नेऊन नवीसमोर धरला. नवीने खाली पाहिलं. मग खडू घेतला, फळ्याशी गेली, टाचा उंचावल्या आणि पाचच्या जागी सहा लिहिले. तिच्या घरच्या भाषेतला सहा. भाषेच्या बाईंनी पटकन पुढे होऊन त्याच्या शेजारी आपला सहा लिहिला. दोन्ही आकडे तिथे तसेच ठेवून मोठ्या बाई फोन करायला निघून गेल्या. फोनवर त्या काय बोलल्या ते सगळ्यांना बाहेर ऐकू आलं, कारण त्यांनी दार लावलंच नव्हतं: ती जागा दुसऱ्या कुणाला द्या, आमची मुलगी कुठे जात नाही.

सर एकटेच घरी निघाले. लेक मागे थांबली होती. नवीच्या आईला बोलावलं होतं, आणि ते आकडे शिकून घ्यायला शिक्षकांची भलीमोठी रांग लागली होती. त्यात चित्रकलेचे सर सगळ्यांत पुढे होते.

दारात लेकीची आई उभीच होती.

"काय हो, कसा झाला तास?"

"चुकली," सर चपला काढत म्हणाले.

"अगंबाई! तुमच्यासमोर?"

"सगळ्यांसमोर. फळ्यावर, ढळढळीत."

"मग सांगितलंत ना तुम्ही?"

"मी कशाला सांगू? तिच्या वर्गात आहेत सांगणारे."

आईने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. लेक चुकून आली तर हा माणूस दोन दिवस अन्न गोड लागू द्यायचा नाही. आज मात्र स्वारी अशी दिसत होती, जणू सत्कार घेऊन आली आहे.

"मग एवढे फुलून आलात ते कशावर?"

"अगं," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा चढला की समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "तासभर मी तिच्यासमोर बसलो होतो. आपल्या लेकीने एकदासुद्धा माझ्याकडे बघितलं नाही!"